सात पानांची शिडी

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली हरवलेली शिडी ठिणगीने शोधून काढली आणि सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. पण हे अजून घडलेलं नाही. तुम्ही काही वाचलंच नाही, असं समजा.

तर, सुट्टी होती आणि मावशी रडकुंडीला आली होती. मावशी त्याच ग्रंथालयात कामाला. ठिणगी आणि तिचा धाकटा भाऊ भोपळा तिच्याकडे राहायला आले, नेमकी तेव्हाच शिडी गायब!

"उद्यापर्यंत मिळाली नाही, तर माझी बदली गावाबाहेरच्या शाखेत," मावशी म्हणाली. "मोठे साहेब म्हणाले, शिडी सांभाळता येत नाही, तर पुस्तकं काय सांभाळणार!"

"कंटाळून गेली असेल," भोपळा म्हणाला. "दिवसभर नुसतं भिंतीला टेकायचं म्हणजे..."

"गप रे! मावशी, या केराच्या टोपलीला बारकोड का गं?"

"साहेबांचा हुकूम! दिसेल त्या वस्तूला चिकटवा आणि तालिकेत नोंदवा म्हणाले."

तालिका म्हणजे संगणकावरची, विद्यापीठाच्या सगळ्या ग्रंथालयांची मिळून एकच यादी. कोणीही कुठूनही मागावं, गाडी पुस्तक घेऊन दारात हजर.

ठिणगीची ट्यूब पेटली. तिने संगणकावर 'शिडी' असं टाइप केलं.

शीर्षक: शिडी. लेखक: सुतार. पृष्ठे: सात. सध्या वाचकाकडे.

"वाचकाकडे?" मावशी मटकन खाली बसली. "म्हणजे दुपारच्या पाळीतल्यांनी मागणी आली तशी पाठवून दिली!"

वाचक निघाले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. दोघं त्यांच्या खोलीवर पोहोचले, तेव्हा शिडीवर मोजे वाळत होते.

"काका, ही आमच्या मावशीची शिडी आहे!"

"रीतसर घेतलीय, बाळ," प्राध्यापक शांतपणे म्हणाले. "दर वेळी मुदत वाढवून घेईन. दुसऱ्या कोणी मागितली नाही, तर माझ्याकडेच राहणार. नियम आहे."

"वाचून झाली नाही अजून?" भोपळ्याने विचारलं.

"मी सावकाश वाचतो."

भोपळा शिडी ओढायला धावला. ठिणगीने त्याची कॉलर धरली. "चल रे! नियम आहे म्हणतात ना!"

ती धावतच ग्रंथालयात परतली. "मावशी, तुझ्या कार्डावर शिडी मागव!"

"माझीच शिडी मी मागवू?"

"मागव गं!"

मावशीने मागणी नोंदवली. लगेच प्राध्यापकांना संगणकाचा निरोप गेला: दुसरा वाचक थांबला आहे. ताबडतोब परत करा, अन्यथा कार्ड बंद!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. टपावर शिडी, शिडीवर विसरलेला एक मोजा.

"कुठे होती ही?" मोठ्या साहेबांनी खुर्चीत बसूनच दरडावून विचारलं.

"वाचायला गेली होती, साहेब," ठिणगी म्हणाली आणि तिने तालिका दाखवली. "आणि तुमच्या खुर्चीलाही मागणी आलीय. दोन वाचक रांगेत आहेत."

साहेबांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मावशीची बदली तिथल्या तिथे रद्द झाली.

"शाबास, पोरांनो!" साहेब बसल्या जागेवरूनच म्हणाले. उठायची त्यांची हिंमत नव्हती. मावशीने मात्र दोघांना जवळ घेतलं.

दुपारी प्राध्यापकांचा अर्ज आला:

'महोदय, सदर ग्रंथ चौथ्या पायरीपर्यंतच वाचून झाला आहे. पुढे काय होते याची उत्सुकता शिगेला पोहोचली असून, उर्वरित तीन पायऱ्यांसाठी मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.'