मापातला श्वास

छातीचं माप घ्यायला फीत लागायची, तो जमाना सुलक्षणा चौगुलेनं पाहिला नव्हता. तिच्या आईनं पाहिला होता. दुकानात पुरुष गिऱ्हाईक नाही ना, ते बाहेरून बघायचं, मग आत शिरून पुटपुटत आकडा सांगायचा. दुकानदारानं दिलेली ब्रा घरी आणून घालावी तर पट्टा पाठीवर चढलेला आणि खांद्यांवर वळ. बदलून आणायची म्हणजे पुन्हा तोंड दाखवायचं, त्यापेक्षा वर्षभर काचलेलं परवडलं! आता आकडे गेले होते. इचलकरंजीतच जन्मलेल्या स्मरविणीनं ते मोडीत काढले होते.

स्मरवीण म्हणजे लक्षात ठेवणारी वीण. आपण हालचाल करायची ठरवली की मेंदूचा निरोप स्नायूकडे जातो आणि स्नायू हलण्याच्या किंचित आधी कातडीवर विजेचा बारीक तरंग उठतो. या विणीचे धागे तो तरंग वाचतात. पहिले पंधरा दिवस या विणीची ब्रा नुसती शिकते. बाई श्वास किती घेते, बसते कशी, वाकते कुठं. सोळाव्या दिवसापासून ती क्षणभर आधीच हवी तिथं आवळते, हवी तिथं सैल होते. घरची वेगळी आणि मैदानावरची वेगळी घ्यावी लागे, कारण धावताना छाती वरखालीच नव्हे, आडवीही हलते आणि तो भार छातीखालच्या पट्ट्यानं पेलायचा असतो. खांद्यांवरचे पट्टे फक्त सोबतीला. एवढं सगळं ही वीण न सांगता जाणायची. बायकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं.

आणि नेमकी तीच वीण सुलक्षणाला आतून धरून ठेवत होती.

"सतराव्या सेकंदाला दम तुटतोय, मॅडम," ती डॉक्टर हेमलता कुरुंदवाडेंना सांगत होती. ही वीण ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या याच बाई. "चढाई तीस सेकंदांची. कबड्डी कबड्डी म्हणत आत शिरले की वाटतंय, कोणतरी मागनं फास ओढालंय. आठवड्यानं राज्याच्या संघाची निवड हाय. मी चोवीसची. पुढच्या साली मला कोण विचारणार?"

ती चढाईपटू होती, आणि झटकन गडी मारून झटकन परतते म्हणून तिचं नाव होतं. खरी गोष्ट अशी की जास्त वेळ थांबणं तिला जमतच नव्हतं. हे फक्त तिलाच ठाऊक होतं आणि त्याची तिला मनातून भीती वाटत होती.

डॉक्टरांनी ब्रा हातात घेतली, उजेडाकडे धरली. धागे ताठ होते.

"ही किती वेळ अंगात असते?"

"घरातनं घालूनच निघते. सायकलीनं मैदान, खेळ, परत घर. चार तास तरी."

"आणि वाळवतेस कुठं?"

सुलक्षणानं नजर खाली घातली.

"अगं, दोरीवर ना?"

"दोरीवरच," ती म्हणाली. "टॉवेलाखाली."

डॉक्टर आधी हसल्या आणि मग त्यांचं हसू विरलं. उन्हातले काही किरण या धाग्यांना ढिलं करतात, त्यांनी समजावून सांगितलं. रोज तासभर ऊन मिळालं की वीण कालचं निम्मं विसरते आणि बाईच्या बदलत्या शरीराबरोबर बदलत राहते. डब्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: उन्हात वाळवा. प्रयोगशाळेत सगळ्या चाचण्या उघड्या दांडीवर झाल्या होत्या. वर टॉवेल पांघरला जाईल, हे एकाही शहाण्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"माझी आई परकराखाली वाळवायची," डॉक्टर स्वतःवरच चिडून म्हणाल्या. "आणि मी बाईमाणूस असून विसरले! तुझी ब्रा तीन वर्षांत काही विसरलेलीच नाही. सायकलीवर चौकातनं जाताना तू जशी आखडून बसतेस, ते तिनं पाठ केलंय. मैदानावरही ती तुला तशीच धरते."

"मग आता?"

"सहा दिवस कडक ऊन. उघड्यावर. पार कोरी होईल."

सुलक्षणाला एवढं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चोर सापडला होता.

त्यानंतरचे सहा दिवस गल्लीच्या लक्षात राहिले. गच्चीवरच्या दोरीला मधोमध एक काळी ब्रा, दोन चिमटे, वर काही नाही. आईनं पहिल्याच दिवशी तीनदा टॉवेल टाकला आणि सुलक्षणानं तीनदा काढला.

"लाज हाय का न्हाई? समोरचे आण्णा पेपर वाचत बसल्यात."

"मग त्यास्नी पेपर वाचू दे की!"

आण्णांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि दर थोड्या वेळानं मान वळवून भिंत सोडून बाकी सगळं बघितलं. पापडांची राखण करावी तशी सुलक्षणा दोरीखाली सतरंजी टाकून बसून राहिली. आई जिन्यात उभी राहून कुरकुरत होती. चौथ्या दिवशी मात्र तिनं वर येऊन, कुणी बघत नाही असं बघून, चिमटा सरळ केला.

सातव्या दिवशी सकाळी सुलक्षणा प्रयोगशाळेत हजर झाली. निवड दुसऱ्या दिवशी होती. धागे मऊ पडले होते, यंत्रावर विणीची स्मृती शून्य दाखवत होती. ती ब्रा घालून, छातीवर दोन तारा चिकटवून, सुलक्षणा उभी राहिली.

"खोल श्वास घे, आणि म्हण."

कबड्डी कबड्डी कबड्डी. दम तुटला. पडद्यावर सतरा सेकंद.

"ढिली न्हाई झाली," सुलक्षणा म्हणाली.

"वीण काहीच करत नाहीये. बघ, ताण शून्य आहे." डॉक्टरांनी तिला ब्रा काढून सैल झगा घालायला लावला. "आता म्हण."

पुन्हा सतरा. तिसऱ्यांदा सोळा.

डॉक्टर पडद्याजवळ सरकल्या. श्वास आत यायला लागला की एक तरंग उठत होता. खांदे पुढे, बरगड्या आत. तो कापडातून येत नव्हता. तो सुलक्षणाच्या मेंदूतून येत होता, दर श्वासाला, न चुकता.

"लहानपणी किती वेळ दम टिकायचा तुझा?"

"अकराव्या वर्षी? पस्तीस सेकंद. पोरं मोजायची." ती बोलता बोलता थांबली. "बाराव्या वर्षी आई म्हणाली, रस्त्यानं जाताना खांदे जरा पुढं घे. मग घेतले."

"आणि परत मागे कधी घेतलेस?"

सुलक्षणानं खांदे मागे ओढून पाहिले. तिला रडू येत होतं आणि रडायलाही छाती पुरेशी उघडत नव्हती.

"ह्ये जाईल का, मॅडम? उद्यापर्यंत?"

"जाईल. पण वर्ष लागेल, कदाचित दोन. मांस कापडासारखं उन्हात टाकता येत नाही." एवढं बोलून डॉक्टर थबकल्या. त्यांनी एक जुनी नोंद पडद्यावर काढली. वीण बनवण्याआधी त्यांनी चाळीस हजार बायकांचे श्वास मोजले होते. त्या सगळ्यांची सरासरी काढून कापडाचा मूळ आकार ठरवला होता. त्या सरासरीच्या रेषेखाली त्यांनी सुलक्षणाची आजची रेषा ठेवली.

दोन्ही एकच होत्या. तीच अडखळ, तिथंच.

"मला वाटलं होतं, बाईचा श्वास असाच असतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "निसर्गानंच दिलेला. त्यावरून कापड बेतलं मी. म्हणून तर कुणाला काचत नाही."

"म्हंजे सगळ्यांचंच..."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग त्या उठल्या, आपल्या छातीला तारा चिकटवल्या आणि खोल श्वास घेतला. पडद्यावर तिसरी रेषा उमटली. पहिल्या दोन रेषांहून ती वेगळी ओळखता येईना.

डॉक्टरांनी तारा काढून ठेवल्या. मग सुलक्षणानं टेबलावरची ब्रा उचलली. उद्या मैदानात उतरायचं होतं, आणि सतराव्या सेकंदाला काय होणार हे तिला आजच माहीत होतं. तिनं ती अंगात घातली, हात वर करून पाहिले, दोन पावलं पळून पाहिलं.

"कशी बसतेय?" डॉक्टरांनी सवयीनं विचारलं.

"अगदी मापात," सुलक्षणा म्हणाली.