जिवतीचं औक्षण

आसावरीनं फ्रिजचं दार उघडलं... वरच्या कप्प्यात, दह्याच्या भांड्यामागे चार दिवस जिवापाड जपलेलं चिक्कीचं खोकं तिथं नव्हतं!

घड्याळात सव्वासहा वाजले होते.

"आई," आवाज शक्य तितका साधा ठेवत तिनं विचारलं, "इथलं चिक्कीचं खोकं?"

तिच्या सासूबाई, सरोजिनीबाई, देवघरासमोर फुलवाती वळत होत्या. श्रावणातला शुक्रवार, भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाडा-दूर्वांची माळ. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लीलाबाईला दिलं. सवाष्ण म्हणून जेवायला आली, मळवलीहून आघाडा घेऊन आली, तिला रिकाम्या हातानं पाठवायचं? नातवंडं खातील तिची. आपल्या घरात कोण आहे खाऊ खाणारं!"

शेवटचं वाक्य नेहमीच्या जागी जाऊन रुतलं. पण आज ते लागायलाही आसावरीला सवड नव्हती.

त्या खोक्यात चिक्की नव्हतीच. मावळातल्या दमट हवेत चिक्की चिवट होते म्हणून ती फ्रिजमध्येच राहायची, आणि दाताला लागते म्हणून सासूबाई तिला शिवायच्या नाहीत. म्हणून तर तिनं ती जागा निवडली होती! आत होतं एक इंजेक्शन, आज बरोबर साडेआठला घ्यायचं. त्यानंतर छत्तीस तासांनी, रविवारी सकाळी, दवाखान्यात तिची बीजं काढून घेणार होते. "बाकीच्या औषधांत थोडं मागंपुढं चालेल, यात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "ही वेळ चुकली तर सगळं पाण्यात." दोन प्रयत्न फसले होते. हा तिसरा. चौथा शरीराला झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं.

तिनं मागच्या खोलीत जाऊन औषधांच्या दोन दुकानांना फोन केले. "मागवावं लागेल, ताई. उद्या दुपारी." लीलाबाईंचा फोन लागेना.

आणि त्याच खोक्यात, इंजेक्शनखाली, एक घडी घातलेला कागद होता. रविवारी जुने सगळे अहवाल आणायला सांगितले होते, म्हणून ठेवलेला...

सहा वर्षांपूर्वी तो अहवाल हातात आला त्या दिवशी तिचा नवरा, शौनक, तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला होता. "आईला कळू देऊ नकोस गं! बाबा गेल्यापासून माझ्याकडे बघून जगतेय ती." आसावरीनं त्याच्या केसांवर हात ठेवून शब्द दिला, आणि त्या दिवसापासून घरातलं न्यून आपल्या पदरात बांधून घेतलं. बारशांना पाळण्यापासून दूर उभी राहिली. डोहाळजेवणाला ओटीचं ताट कुणी हळूच तिच्या हातातून काढून घेतलं, तेव्हा हसली.

या महिन्यात तर सासूबाईंनी एकवीरेला नवस बोलला होता: सुनेनं पाच मंगळवार अनवाणी पायऱ्या चढायच्या, निर्जळी उपवास करायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट नकार दिला. "या दिवसांत बीजकोश सुजलेले असतात. चढउतार नको, उपाशी राहणं तर मुळीच नको. देवीला घरूनच हात जोडा, तिला पोचतं." आसावरी घरी एवढंच म्हणू शकली, "नाही जमणार, आई." तेव्हापासून आठ दिवस सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

ती चपला घालू लागली.

"सणाच्या दिवशी दिवेलागणीला कुठं निघालीस?"

"मळवलीला. त्या खोक्यात... माझं औषध होतं, आई. मूल होण्याचं. साडेआठला घ्यायचंय."

सरोजिनीबाईंच्या हातातली वात खाली पडली. क्षणभर वाटलं, आता आकाश कोसळणार! पण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"रिक्षा करू नकोस. शुक्रवार आहे, सगळं पुणं लोणावळ्याला निघालं असेल. लोकलनं जाऊ."

लोकल आली खरी, पण कामशेतला जी थांबली ती हलेचना. मागून एक्स्प्रेस काढायची होती म्हणे. पाच मिनिटं... दहा... आसावरीची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती. बाहेर भाताच्या खाचरांवर अंधार उतरत होता.

"एक विचारते. खरं सांगशील?" शेजारून सासूबाईंचा दबलेला आवाज आला. "दोष कुणात आहे?"

आसावरीनं डोळे मिटले. "माझ्यात."

सरोजिनीबाईंनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. त्यात राग होता की सुटका, कोण जाणे!

आठ वाजायला आले तेव्हा दोघी मळवलीतल्या एका बंगल्याच्या फाटकाशी पोचल्या. लीलाबाई तिथं राखण करायच्या. मागच्या खोलीत राहायच्या.

"आवं बाई, तुमी? येवढ्या अंधाराचं?"

"लीलाबाई, खोकं! दुपारचं खोकं कुठंय?"

"हाय की! बंगल्याच्या फ्रिजात ठिवलंय. पोरं उद्या येणारेत, बाहीर ठिवलं तर चिवट हुतंय न्हवं?" खोकं आणून देत त्या हसल्या, "चिक्कीपायी आगीनगाडीनं आलासा? लय जीव दिसतोय हिच्यावर!"

आसावरीनं खोकं छातीशी धरलं, मग उघडून ओट्यावर ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "तासभर बाहेर होतं, मॅडम... नाही, उन्हात नाही... पिशवीत."

"मग घाबरू नका. गार हवा आहे. फक्त वेळ पाळा."

देवा, पावलास! ती वळली...

ओट्यावरच्या दिव्याखाली सरोजिनीबाई चष्मा लावून तो कागद वाचत होत्या. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यांना कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती.

"नाव शौनकचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि तारीख सहा वर्षांपूर्वीची."

आसावरीनं कागदासाठी हात पुढं केला. सरोजिनीबाईंनी तो दिला नाही.

"मगाशी गाडीत खोटं बोललीस."

"शब्द दिला होता, आई..."

"आणि मी! मी माझ्या हातानं तुझ्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं... देवापुढं बसून तुला बोल लावत राहिले... रोजचा नेम केला, आणि घरातली सती मला दिसली नाही गं!" त्यांचा आवाज चिरकला.

"असं नका म्हणू, आई. दोष कुणाचाच नाही. डॉक्टर म्हणतात, इतर दुखण्यांसारखंच हे. उपाय आहे. फक्त सुया मला घ्याव्या लागतात, एवढंच."

"आठ वीस झाले," लीलाबाई हळूच म्हणाल्या.

इंजेक्शन एरवी शौनक द्यायचा. आज चाकणला कारखान्यात त्याची दुसरी पाळी होती. आसावरीनं झाकण काढलं, पण हात इतका कापत होता की सुई धरवेना.

"दे इकडे." सरोजिनीबाईंनी पदरानं डोळे कोरडे केले, साबणानं हात धुतले. "ह्यांना अकरा वर्षं इन्सुलिन मीच दिलं. बेंबीच्या बाजूला ना? बस. श्वास सोड."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा साडेआठवर आला. त्या सुरकुतल्या हाताला जराही कंप नव्हता. सुई गेली, निघाली... आणि मगच तो हात लटलट कापू लागला.

"लीलाबाई, निरांजन आहे का?"

लीलाबाईंच्या खोलीतही जिवतीचा कागद होता. त्याच्यासमोर पाट मांडून सरोजिनीबाई म्हणाल्या, "बस, आसावरी."

"बाई, जिवतीचं औक्षण पोरांला करत्यात. सुनंला कोन करतं?"

"मी करते," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुपारी करायला हवं होतं."

ज्योत चेहऱ्याभोवती फिरली. सहा वर्षांत पहिल्यांदाच आसावरी रडली, आवाज न करता, पदर तोंडाशी न नेता.

पाळीच्या मधल्या सुट्टीत शौनकचा फोन आला. "आसावरी, झालं का वेळेवर?"

फोन सरोजिनीबाईंनी घेतला. "झालं. मी दिलं. कागद वाचला मी, शौनक. रडू नकोस. माझा मुलगाच आहेस तू, कालही आणि आजही. पण हिनं तुझं ओझं फार दिवस वाहिलं रे. रविवारी आपण तिघंही जाऊ."

मग त्यांनी अक्षता घेतल्या. मूल दूर असलं की आई त्याच्या दिशेनं अक्षता टाकते. एक चिमूट चाकणच्या दिशेनं टाकली. मुठीत थोड्या उरल्या होत्या. त्या हातात धरून त्या थबकल्या... जे अजून आलंच नाही, त्याची दिशा कोणती?

सरोजिनीबाई वाकल्या आणि उरलेल्या अक्षता त्यांनी आसावरीच्या ओटीत ठेवल्या.

"आलं तर त्याच्या," त्या म्हणाल्या, "आणि नाही आलं, तरी तुझ्याच."