सप्तक्षितिजचे ऑफिस

"मला रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर, रक्षाताईला घड्याळ, आईला केशर..." अंकितने बोटांवर मोजत विचारले, "आणि बाबांना दुबईहून काय आणशील, अंजूताई?"

"सावली!" अंजू म्हणाली. "तिकडे मिळाली तर!"

दुकानातले सगळे हसले. १९९७ सालचा मे महिना होता, आणि वर्ध्याच्या उन्हात सावलीपेक्षा महाग वस्तू दुसरी नव्हती. नालवाडीच्या रस्त्यावरचे डांबर दुपारी असे पाघळे की सायकलच्या चाकांचे ठसे संध्याकाळपर्यंत टिकत. रक्षाने ठरवलेली गिरडच्या टेकडीची सहल या उन्हाने गिळली होती. म्हणून ती, धाकटा अंकित आणि मैत्रीण सरिता असे तिघे रक्षाचे वडील महादेवराव यांच्या 'सुमित्रा वस्त्रालया'त कूलरसमोर बसून अंजूच्या दुबईचे बेत रचत होते.

अंजू म्हणजे रक्षाची थोरली बहीण. सेवाग्रामला नर्सिंग शिकून ती तिथेच नोकरीला लागली होती. तिला आणि तिच्या मैत्रिणींना परदेशी नेणारा देवदूत आठवड्यापूर्वी दुकानात अवतरला होता, आणि जाताना एक कार्ड ठेवून गेला होता.

ते कार्ड साधे नव्हते. दुधासारखा जाड कागद, सोनेरी कडा, आंधळ्यालाही बोटांनी वाचता यावीत अशी उठावदार अक्षरे: 'एच. राज, कंट्री डायरेक्टर, सप्तक्षितिज इंटरनॅशनल हेल्थ सर्व्हिसेस. वर्धा, नागपूर, मुंबई, दुबई.' खाली फोन, फॅक्स आणि पेजर यांचे क्रमांक शिपायाच्या छातीवरच्या पदकांसारखे ओळीने मांडलेले. कोणत्या 'कंट्री'चे डायरेक्टर, याचा उल्लेख नव्हता. आणि ते विचारणे महादेवरावांना असभ्यपणाचे वाटले होते.

महादेवरावांनी ते कार्ड गल्ल्याच्या काचेखाली सरकवले. त्या काचेखाली जिल्ह्यातल्या अनेक थोरामोठ्यांची कार्डे सुखाने पिवळी पडत होती. त्यांतला एकही क्रमांक महादेवरावांनी कधी फिरवला नव्हता. कार्ड ही वस्तू फोन करण्यासाठी असते, अशी शंकाही नालवाडीत कुणाला आली नव्हती. ते गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे, बस्स!

तेवढ्यात दुकानातला फोन खणखणला. महादेवरावांनी तो उचलला, तोंड वाकडे केले आणि मागच्या दाराकडे मान वळवून हाक मारली, "ओ वकीलबाई! फोन हाय तुमचा!"

मागच्या गल्लीतून सुलोचना थूल लगबगीने आल्या. त्या सरिताच्या आत्या; बुद्धविहाराजवळच्या घरात नुकतीच त्यांनी वकिलीची पाटी लावली होती. टेलिफोनसाठी त्यांनी अर्ज केला होता, पण नंबर लागायचा होता. तोवर त्यांच्या साध्या पांढऱ्या कार्डावर पत्ता घराच्या खुणेसकट होता, आणि फोनपुढे कंसात 'पी.पी.' होते. त्या दोन अक्षरांचा अर्थ साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होता: फोन शेजाऱ्याचा आहे, निरोप पोचेल.

बोलणे संपवून सुलोचनाबाईंनी फोन ठेवला, तेव्हा त्यांची नजर काचेखालच्या सोनेरी कडांवर गेली.

"महादेवराव, उद्या अंजू त्यांना मूळ प्रमाणपत्रे देणार आहे म्हणे?"

"मंग? दुबईची वकिलात का झेरॉक्सवर शिक्का मारते?"

"पाहायला मूळ दाखवा, हातात झेरॉक्सच द्या. मूळ कागद दुसऱ्याच्या हातात गेले की ते परत मिळवायला तो मागेल ते द्यावे लागते. मग अंजू नर्स आहे हे सिद्ध तरी कशाने करणार?"

महादेवरावांनी काचेवर बोट ठोकले. "वकीलबाई, तुमच्या कार्डावर तं माह्याच दुकानाचा फोन हाय! आन् तुम्ही दुबईच्या कंपनीले शिकवून राह्यले?"

दुकानातली गिऱ्हाइके खो-खो हसली. त्या हसण्याचे निमित्त फोन होता. खरे कारण फोनहून पुष्कळ जुने होते, आणि ते कुणाच्याच कार्डावर छापलेले नसते. सुलोचनाबाईंचा आवाज मात्र तसूभरही चढला नाही.

"फोन तुमचा आहे, हे मी माझ्या कार्डावर लिहिले आहे," त्या म्हणाल्या. "त्यांचा फोन कुणाचा आहे, ते त्यांनी लिहिले आहे का?"

आणि त्या निघून गेल्या. सरिताने मान खाली घातली. रक्षाचे कान मात्र तापले होते. बाबांचा राग आला म्हणून, आणि प्रश्न बिनतोड होता म्हणूनही!

दुपारी महादेवराव गादीवर घोरू लागताच रक्षा काचेवर वाकली.

"सरे, हे बघ. चार शहरांची नावे आहेत, पण वर्ध्याचा पत्ता काय? 'मेन रोड'. घर नाही, दुकान नाही, समोर काय, मागे काय, काही नाही! तुझ्या आत्याच्या कार्डाने आंधळी कोशिंबीर खेळतानासुद्धा घर सापडेल."

"मग लाव ना फोन!" सरिता म्हणाली. "छापलाय कशाला?"

"आपण?" अंकितचे डोळे विस्फारले. "बाबा रागावले तर?"

"तू बाबांवर नजर ठेव. घोरणे थांबले की खोक!"

रक्षाने वर्ध्याचा क्रमांक फिरवला. घंटा वाजली. मग कानठळ्या बसवणारा एक बायकी आवाज आला.

"हॅलोओओ! सप्तक्षितिज! साहेब मीटिंगमधे हायेत!"

आणि त्या आवाजामागून, कंपनीच्या वातानुकूलित गांभीर्याला अजिबात न शोभणारी दुसरी आरोळी ऐकू आली, "चला, समुद्रपूर, गिरऽऽड! सुट्टे पैसे काढून ठेवा!"

रक्षाने फोन ठेवला. तिचे डोळे चमकत होते. "दुबईच्या कंपनीत एस.टी.चा कंडक्टर!"

नागपूरचा क्रमांक लावला, तर एका यांत्रिक बाईने तो अस्तित्वात नसल्याचे हिंदीत नम्रपणे कळवले. अंकित एवढ्यात जोराने खोकला, आणि चौकशी आटोपती घ्यावी लागली.

ऊन जरा कलताच तिघांनी सायकली काढल्या आणि थेट बसस्थानक गाठले. रसवंतीच्या बाजूला पिवळ्या पाटीचा एस.टी.डी. बूथ होता. काचेच्या खोपटात एक धिप्पाड बाई पदराने वारा घेत बसली होती, आणि काचेवर आतून चिकटवलेले होते सोनेरी कडांचे कार्ड!

"मावशी, सप्तक्षितिजचे ऑफिस कुठे आहे हो?" रक्षाने निरागस चेहऱ्याने विचारले.

"मोठ्ठी कंपनी हाय, पोरी!" पंचफुलाबाई अभिमानाने म्हणाल्या. "इथलं हापिस बांधून राह्यले म्हने. तवरोक फोन आपल्या बूथवर. साहेबानं सांगतलं हाय, कोनाचाबी फोन आला का म्हनजो, साहेब मीटिंगमधे हायेत."

"आणि साहेब कधी मीटिंगमध्ये नसले तर?"

"मले काय ठाऊक, बाप्पा? थे तं कवाच इथं नसतात!"

"मावशी, कंपनी खरी आहे हे तुम्हाला कसे कळले?" सरिताने विचारले.

पंचफुलाबाईंनी त्या अडाणी पोरीकडे कीव करत पाहिले. "कार्ड देल्लं ना मले!"

परतताना सरिता हसून हसून सायकलवरून पडायची राहिली. जी बाई स्वतःच ऑफिस होती, तिलाही कुठेतरी ऑफिस आहे याची खात्री कार्डाने पटवली होती!

रक्षा मात्र हसत नव्हती. घरी पोचताच तिने बाबांना सगळे सांगून टाकले. महादेवरावांनी ऐकून घेतले आणि हात झटकला. "क्रॉस कनेक्शन लागलं असन! आन् काऊन लावला फोन? मोठ्या मानसायले असा तरास देतात का? उद्या चार वाजता साहेब येतील तवा तोंडाले कुलूप पाह्यजे, समजलं?"

अंजूनेही उसासा टाकला. "रक्षा, सगळ्याजणी देताहेत गं. मी एकटीने शंका काढू?"

त्या रात्री रक्षाने बहिणीची फाइल उघडून पाहिली. गुणपत्रिका, पदविका, नोंदणीचे प्रमाणपत्र. वॉर्डातल्या पाळ्या करून, पाय सुजलेले असताना अंजूने मिळवलेला एकेक कागद. तो उद्या एका 'मेन रोड'ला जाणार होता, आणि तिथून कुठे, ते कुणालाच माहीत नव्हते.

सकाळी विहाराच्या ओट्यावर तिघांची सभा भरली.

"बाबा आपले ऐकणार नाहीत," रक्षा म्हणाली. "ते फक्त स्वतःचे ऐकतात. म्हणून फोन त्यांनीच लावायला हवा!"

"आणि पंचफुलामावशींना काय शिकवायचे?" सरिताने विचारले.

"काहीच नाही. त्या रोज जे सांगतात, तेच सांगू देत. तू आत्याला घेऊन दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली उभी राहा."

"आणि मी?" अंकित उड्या मारू लागला.

रक्षाने त्याच्या कानात काहीतरी सांगितले. अंकितचे तोंड कानापर्यंत फाकले.

चार वाजता राजसाहेब आले. कोट, अत्तर आणि हातात काळी बॅग! कापडाच्या दुकानाचा रिवाज कुणालाही चुकत नाही. त्यांनी चकचकीत बूट पायरीशी काढले आणि मोज्यांनिशी पांढऱ्याशुभ्र गादीवर बैठक मारली. चहा-बिस्किटे आली. जमलेल्या अंजूच्या मैत्रिणी फाइली देऊ लागल्या. साहेब एकेक फाइल न उघडताच बॅगेत सारत होते. अंजूची फाइलही आत गेली.

"काका," रक्षा गोड आवाजात म्हणाली, "हिंगणघाटची एक ताई आहे, तीपण नर्स आहे. तिचे नाव ऑफिसात नोंदवता येईल?"

"का नाही, बेटा? जरूर!"

"मग बाबांनीच फोन करून सांगितले तर? बाबांना सगळा जिल्हा ओळखतो. त्यांचे नाव ऐकले की काम लगेच होईल!"

महादेवरावांची छाती दोन बोटे फुगली. राजसाहेब मात्र चटकन म्हणाले, "अरे, आत्ता कशाला? ऑफिस बंद झाले असेल."

"कार्डावर तर दहा ते सहा छापले आहे!"

"हो हो, लावतो ना!" महादेवरावांनी रिसीव्हर उचलला आणि काचेखालचा क्रमांक जन्मात पहिल्यांदा फिरवला. साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असा आवाज पलीकडून उसळला.

"हॅलोओओ! सप्तक्षितिज! साहेब मीटिंगमधे हायेत!"

"मी नालवाडीहून महादेवराव बोलून राह्यलो. एक नाव लिहून घ्या. पन... कोनते साहेब मीटिंगमधे हायेत?"

"राजसाहेब! दुसरे कोन?"

राजसाहेबांच्या हातातले बिस्कीट चहात बुडून विरघळले.

"राजसाहेब... तिकडे हायेत?" महादेवरावांनी समोर बसलेल्या राजसाहेबांकडे पाहत विचारले.

"कितीदा सांगू, बाप्पा? अंदर हायेत! मोठे लोक आले हायेत!"

"क्रॉस कनेक्शन!" राजसाहेब ओरडले. "ठेवा, ठेवा तो फोन!"

पण महादेवराव व्यापारी होते. डोळ्यांवरची झापड उतरली की व्यापाऱ्याला फार वेळ लागत नाही. "बाई, हे तुमचं हापिस हाय कुठं?"

"बसस्टँडवर ना जी! रसवंतीच्या बाजूले! तुम्हाले कोन्या गावी फोन लावाचा हाय?"

राजसाहेबांनी बॅग छातीशी धरली आणि एका झेपेत पायरी गाठली. पायरीवर बूट नव्हते! ते नऊवारी लुगड्यांच्या गठ्ठ्याखाली होते आणि गठ्ठ्यावर अंकित बसला होता. थांबायला वेळ नव्हता. साहेब तसेच मोज्यांनिशी रस्त्यावर धावले, आणि वर्ध्याच्या वैशाखाने आपले काम केले. मोजे डांबराला चिकटले, पाय त्यातून निसटले, आणि कंट्री डायरेक्टर भर रस्त्यात तव्यावरच्या लाह्यांसारखे उडू लागले!

"आई गं! मेलो! पाणी!"

"इकडे या, राजसाहेब," समोरून शांत आवाज आला. "इथे सावली आहे."

सावली मिळाली, हे खरे; पण तिथे सुलोचनाबाई, सरिता आणि हमालीचे काम थांबवून आलेले चार दणकट बाप्ये उभे होते. साहेब फुंकर घालायला तळवे धरून खाली बसताच रक्षाने त्यांच्या काखेतली बॅग अलगद ओढून घेतली आणि अंजूकडे फेकली.

पोलीस ठाण्यात बॅग उघडली, तेव्हा आर्वीच्या आणि हिंगणघाटच्या मुलींच्याही फाइली निघाल्या. त्यांच्याखाली सोनेरी कडांच्या कार्डांचे गठ्ठे होते. कुठे एच. राज, कुठे डॉक्टर एच. राज, एका गठ्ठ्यावर तर कॅप्टन! खाली मान घालून बसलेल्या माणसाचे नाव नुसते हेमराज होते, आणि त्याने आयुष्यात विमान पाहिले होते ते आकाशात. कागद ताब्यात आले की त्यांची किंमत मागून कळवायची, हीच त्याची कंपनी होती.

सुलोचनाबाईंनी फौजदारांच्या टेबलाशी बसून तक्रार लिहिली. एकही शब्द खोडावा लागला नाही. पहिल्या साक्षीदाराचे नाव त्यांनी ठसठशीत घातले: कुमारी रक्षा महादेवराव.

फौजदार चपापले. "बाई, एवढीशी पोर पहिली साक्षीदार? त्या दुकानात मोठी माणसे नव्हती काय?"

"होती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पण चौकशी फक्त मुलांनी केली."

सगळ्यांचे डोळे महादेवरावांकडे वळले. ते उठून सुलोचनाबाईंसमोर आले आणि त्यांनी भर ठाण्यात हात जोडले.

"खरं हाय, साहेब. काल मी या बाईले हसलो, आन् पोरीले गप बसवलं. वकीलबाई, अंजूचं आन् या साऱ्या पोरींचं वकीलपत्र आता तुम्हीच घ्या." मग त्यांनी रक्षा, सरिता आणि अंकित या तिघांना जवळ ओढले. "लिवा, फौजदारसाहेब, पोरीचंच नाव पयलं लिवा. आमी सारे कार्ड पाहत बसलो. फोन लावाची अक्कल या पोरायले आली!"

अंजूने फाइलीतला एकेक कागद मोजून घेतला, फाइल छातीशी धरली आणि धाकट्या बहिणीच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा घातला. मग ती सेवाग्रामच्या रात्रपाळीला निघाली. नर्स म्हणून!