न उठलेलं कोर्ट

पोर्ट हॅलमच्या जुन्या कोर्टात आता तंबाखूची पिंपं ठेवत. ओबाडाया क्रेनला ते मुळीच खपत नसे. उभी हयात त्यानं तिथे पुकारा केला होता. त्यानं "ऐका हो ऐका!" म्हटलं की कोर्ट बसायचं, आणि "कोर्ट उठलं!" हे त्याच्या तोंडून निघेपर्यंत जज्जसाहेबसुद्धा खुर्ची सोडत नसत. घरात त्याचं कोणी ऐकत नसे, ती गोष्ट वेगळी.

त्या दुपारी पिंपांचा मालक ईनॉक त्याला शोधत त्याच्या लेकाच्या छापखान्यात आला.

"काका, तुमच्या कोर्टात उंदीर झालेत वाटतं. वरच्या खुर्चीत काहीतरी कुरकुरतंय."

"मग मांजर सोड की. मला काय सांगतोस?"

"सोडलं होतं. दारातूनच पळालं." ईनॉक हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "जरा येऊन बघता का?"

ओबाडायाचा मुलगा सायलस छपाईचे खिळे जुळवता जुळवता मनगट चोळत होता. सकाळपासून तिथे लाल वळ उठला होता.

"कशानं झालं रे?"

"दोरी घासली असेल, बाबा. जा तुम्ही."

वाटेभर ओबाडायाच्या जिवाला चैन नव्हती. याच सायलसनं वर्तमानपत्रात देशाच्या अध्यक्षांची टिंगल केली, म्हणून त्याच कोर्टात त्याच्यावर खटला चालला होता. जज्ज थेओफिलस वॉर्ड त्याच मावळत्या अध्यक्षांनी जाता जाता नेमलेले. पंचांनी पोराला दोषी ठरवलं, वॉर्ड शिक्षा सांगायला तोंड उघडणार, तोच राजधानीहून स्वार आला. नवे अध्यक्ष आले होते, असले सगळे खटले रद्द! लोक नाचत रस्त्यावर आले. ओबाडायाही रडत, हसत लेकाला मिठीत घेऊन बाहेर पडला. पुढे नव्या अध्यक्षांच्या पक्षानं कायदा करून ते कोर्टच मोडलं, आणि वॉर्ड गेल्या हिवाळ्यात वारले.

कोर्टात उंदीर नव्हते. पिंपांवर बोटभर धूळ होती. वरची खुर्ची मात्र लख्ख पुसलेली होती. तंबाखूच्या उग्र वासातून आणखी एक वास येत होता, लवंग घातलेल्या तपकिरीचा. तशी तपकीर सगळ्या गावात एकटे वॉर्ड ओढत.

खुर्ची कुरकुरली. कोणीतरी सावरून बसावं तशी.

ओबाडायाला एकदम आठवलं. सायलस सुटला त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यानं शेवटचा पुकारा केलाच नव्हता.

"क्रेन," वरून कोरडा आवाज आला, "आरोपीची शिक्षा सांगायची राहिली आहे."

ओबाडायानं छाती भरून श्वास घेतला. इतक्या जोरात तो जन्मात ओरडला नव्हता.

"कोर्ट उठलं!"

आवाज पिंपांवर आदळून विरला. खुर्ची हलली नाही.

"बसा, क्रेन. कोर्ट कधी उठायचं, ते कोर्ट ठरवेल."

"साहेब, तुमचं कोर्ट मोडलंय! कायद्यानं मोडलंय! पोराला सोडा हो..."

"तो कायदा चालेल की नाही, तेही आम्हीच ठरवू."

ओबाडायानं मागे पाहिलं. दारात ईनॉक टोपी काढून, मान खाली घालून उभा होता. टोपी कधी काढली, हे त्यालाही ठाऊक नसावं.

"आरोपीला कैद," वरून शब्द आले.

म्हातारा धावत सुटला. बाजार, विहीर, चर्च, काही दिसत नव्हतं. फक्त पोर दिसू दे, एवढंच तो पुटपुटत होता.

छापखान्याचं दार सताड उघडं होतं. उंबरठ्यावर ऊन पडलं होतं.

सायलस आतच उभा होता. दोन्ही तळवे पुढे करून तो त्या उघड्या दारात हवा चाचपत होता.

"बाबा," तो म्हणाला, "बाहेरून कुलूप कोणी लावलं?"