मागचा पडाव

परीक्षा देऊन बाहेर आलेल्या माणसाला त्या केंद्रावर आधी घोंगडी पांघरत, मग गोड चहा देत, आणि निकाल सगळ्यात शेवटी सांगत. केतकी सैतवडेकर बाकावर आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत एक दांडगा तांडेल, बोटीवरचा मुख्य खलाशी, दार उघडून बाहेर आला आणि भिंतीला टेकून रडू लागला. त्याचे कपडे कोरडे होते, तरी तो पुन्हा पुन्हा डोक्याचे केस पिळत होता.

वाशिष्ठीच्या खाडीत प्रवासी बोट चालवायची तर सारंगाचा परवाना आता याच दारातून मिळे. समुद्र चढल्यापासून किनाऱ्याचे रस्ते वर्षातला बराच काळ पाण्याखाली असत. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं बोटीवर आलं होतं. पुढे विजेवर चालणारी छोटी ओढबोट आणि तिच्यामागे दोराने जोडलेले दोन पडाव, म्हणजे माणसांनी भरलेल्या रुंद होड्या, अशी वरात दिवसभर खाडीतून वर-खाली करायची.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खाडीत अचानक पूर आला. मागचा पडाव प्रवाहात आडवा झाला आणि पुढच्या पडावाला, ओढबोटीला घेऊनच बुडाला. मागच्या पडावाचा दोर सोडायचा खटका सारंगाच्या हाताशी होता. त्याने तो ओढला नाही. परीक्षेत मात्र याच प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण होते. चौकशी करणाऱ्यांच्या लक्षात आलं की परीक्षेच्या पडद्यावर सगळ्यांचेच हात चालतात, कारण समोरचं खोटं आहे हे माणसाला आतून ठाऊक असतं. ते सांगणाऱ्या भानाला शास्त्रज्ञांनी साक्षीभान असं नाव दिलं, आणि ते थोडा वेळ झोपवून टाकणारं औषधही शोधलं. मुखवट्यातून त्याची वाफ घेतली की माणूस परीक्षा विसरे. समोर दिसेल ते त्याच्यापुरतं खरं होई.

"आत काय दिसेल ते मी सांगणार नाही," परीक्षक कॅप्टन रेवणकर मुखवट्याचे पट्टे आवळत म्हणाले. "पण बाहेर आल्यावर ते खोटं होतं, हे तुम्हाला नक्की कळेल."

"मग तो माणूस रडत का होता?"

"कळणं आणि वाटणं वेगळं असतं, बाई. वाटायचं थांबायला वेळ लागतो."

केतकीला हे घरातच पाहायला मिळालं होतं. तिचे वडील, गंगाराम, जन्मभर खाडीवर तरीची होडी चालवत आले. गेल्या वर्षी ते याच दारातून नापास होऊन परतले. आत काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दोर सोडला नसणार एवढं गावाने ओळखलं, आणि त्यांचा मान उलट वाढला. ते मात्र त्यानंतर पाण्याकडे पाठ करून जेवायला बसत.

केतकीने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती खाडीत होती आणि पाणी लाल झालं होतं. वरून पूर येत होता. झाडंच्या झाडं वाहत येत होती. मागचा पडाव आडवा फिरला, दोर ताणला गेला, ओढबोटीचं नाक वर उचललं गेलं. तिने मागे वळून पाहिलं. मागच्या पडावावर शेजारच्या सुमेधावहिनींची मुक्ता होती, शाळेचं पिवळं दप्तर छातीशी धरून. आणि कठड्याला धरून उभे असलेले बाबा होते. पुढच्या पडावावरून कुणीतरी किंचाळलं. केतकीने खटका ओढला.

तिला घोंगडी पांघरली, चहा दिला. रेवणकर म्हणाले, "उत्तीर्ण झालात."

"बाबा मागे होते."

"तुमच्या मार्गावरच्या धक्क्यांवर कॅमेरे आहेत, त्यातून चेहरे घेतात. चेहरे अनोळखी असले तर औषधही पुरेसं काम करत नाही." त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. "कुणीही बुडालेलं नाही. घरी जा, वडिलांना डोळे भरून पाहा."

ती घरी गेली. बाबा ओटीवर जाळं विणत बसले होते. ती त्यांच्या पायाशी बसली. बाबांनीच विचारलं, "सोडलास?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मी होतो?"

"होता."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि विणता विणता गाठ चुकली म्हणून ती पुन्हा सोडू लागले.

ज्यांचा जीव सारंगाच्या हाती, त्यांना त्याची परीक्षा पाहण्याचा हक्क आहे, असा नियम होता. त्यामुळे धक्क्यावरच्या पडद्यावर केतकीच्या परीक्षेचं चित्रण लागलं. चेहरे पुसट केले होते. पण माणसाची उभं राहायची ढब कशी पुसणार? साडीचा काठ, हातातली काठी, पिवळं दप्तर, सगळ्यांनी सगळ्यांना ओळखलं. लोक आधी हसले. मग पडद्यावर खटका ओढला गेला आणि धक्क्यावरच्या आयांनी मुलांना जवळ ओढलं.

केतकी पहिल्या दिवशी ओढबोटीवर चढली तेव्हा मागच्या पडावावर एकही माणूस बसला नाही. सगळे पुढच्या पडावात दाटीवाटीने उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. माना खाली घालून लोक तिथेच उभे राहिले. बोटीच्या ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, "बसतील हळूहळू. तू फेरी चुकवू नकोस."

"वहिनी, तुम्ही तरी मागे बसा. एकाच पडावात एवढा भार नको," ती सुमेधाला म्हणाली.

सुमेधाने मुक्ताचा हात घट्ट धरला होता. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "केतकी, तू वाईट आहेस असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी बघितलंय ना गं. एकदा बघितल्यावर लेकीला तिथे कशी बसवू?"

केतकी ओढबोटीकडे वळली.

तिसऱ्या दिवसापासून बाबा येऊ लागले. कुठे जायचं नसताना ते सकाळी धक्क्यावर येत, सगळ्यांच्या समोरून चालत जात आणि मागच्या पडावावर एकटेच बसत. "या रे," ते हाक मारत. "इथे वारा चांगला लागतो." कुणी येत नसे. गंगारामांवर सगळ्यांचा जीव होता, पण त्यांच्या शेजारी बसायला कुणी धजत नव्हतं.

दसरा उलटला होता. पाऊस संपला असं सगळे धरून चालले होते. त्या दिवशी मुलांची परीक्षा होती म्हणून धक्क्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. पुढचा पडाव इतका भरला की पाणी काठाच्या खाली वीतभर उरलं. केतकीने ओढबोट सुरूच केली नाही.

"निम्मे लोक मागे गेल्याशिवाय मी निघणार नाही," तिने सांगितलं.

"पेपर चुकेल, केतकीताई," मुक्ता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मुलीच्या त्या नजरेपुढे केतकी नमली. आपणच यांना मागे बसायची भीती घातली, आता आपणच यांची परीक्षाही बुडवायची, हे तिला सोसेना. तिने बोट काढली.

वर घाटात आभाळ फाटलं होतं. खाली खाडीत ऊन होतं. वळणावर पोहोचेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही. मग पाण्याचा रंग बदलला, आणि समोरून भरतीचं पाणी चढत असताना मागून पूर उतरला. मागचा पडाव हलका होता. तो पानासारखा फिरला आणि आडवा झाला. दोर ताणला.

खटका केतकीच्या हाताशी होता. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिने मागे पाहिलं. कठड्याला धरून बाबा उभे होते, तिने पूर्वी पाहिले होते तसेच. तिचा हात खटक्यावर गेला आणि तिथेच राहिला. बोटं मिटेनात. बाबा बुडताना तिने एकदा पाहिले होते. ते खोटं होतं हे तिच्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबा ओरडत होते, ते तिला ऐकू येत नव्हतं. मग ते वाकले आणि दोर अडकवलेली आपल्या बाजूची कडी त्यांनी स्वतःच काढली. दोर सुटून पाण्यावर आपटला. मागचा पडाव गिरक्या घेत दूर गेला.

पण तोवर उशीर झाला होता. दोराच्या ओढीने पुढचा पडाव कलला होता, आणि घाबरलेली माणसं एकाच बाजूला धावली. भरलेल्या पडावाला तेवढं पुरेसं होतं.

बरेच जण पोहून, ओढबोटीला धरून, खारफुटीच्या फांद्यांना लटकून वाचले. बाबांचा रिकामा पडाव वळणापलीकडे चिखलात जाऊन अलगद रुतला. ते गुडघाभर चिखलातून चालत बाहेर आले. त्यांना साधं खरचटलंही नव्हतं. मुक्ता सापडली ती ओहोटी लागल्यावर.

अंत्यविधी आटोपल्यावर सुमेधा केतकीच्या अंगणात आली. केतकी उठून उभी राहिली. शिव्या ऐकायची तिची तयारी होती.

सुमेधाने एवढंच विचारलं, "मागे बसवली असती तर राहिली असती ना गं ती?"

केतकी खोटं बोलू शकली नाही. ती म्हणाली, "हो वहिनी." सुमेधाने मान हलवली आणि ती आली तशी परत गेली.

चौकशी झाली. दोर वेळेत सुटला नाही आणि पडावात भार जास्त होता, असं दोन्ही निघालं. भाराचा दोष ठेकेदारावर गेला. केतकीला पुन्हा परीक्षा द्यायला बोलावलं. ती केंद्रावर गेली, पण बाकावर बसली नाही. सरळ रेवणकरांच्या खोलीत जाऊन तिने परवाना त्यांच्या टेबलावर ठेवला.

"माझा हात उठला नाही, साहेब."

"परीक्षेत तर उठला होता."

"म्हणूनच उठला नाही. तुम्ही मला बाबांना एकदा मारायला लावलंत. दुसऱ्यांदा कसं जमेल?"

रेवणकर खुर्चीत मागे टेकले. खिडकीबाहेर पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं जात होतं. "तसं असेल," ते हळूच म्हणाले, "तर आम्ही ज्याला सर्वांत भरवशाचा ठरवतो, तोच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"इथून पास होऊन गेलेले सगळे माझ्यासारखेच आहेत," केतकी म्हणाली. "या घडीला त्यांच्यातले किती जण माणसं घेऊन पाण्यात आहेत, साहेब?"