बिनडोळ्यांची बाई

हसतोस कशाला, अमोल? हमरापूरचा हिरामण बाता मारणारा माणूस नाय. गणपतींची आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, त्याच्यासारखं सगळ्या पेण तालुक्यात कोणाला जमायचं नाय. आता ब्रशला हात लावत नाय तो. का, ते ऐका. त्यानंच सांगितलंय.

गेल्या हरतालिकेला तो रोह्याला गेला, वैशालीताईंच्या बंगल्यावर गणपती पोचवायला. ताई स्वतः दगडात मूर्ती घडवतात. अंगणात त्यांनी घडवलेली दगडाची एक बाई उभी होती. देवळातल्या देवीवरून घेतलेली, पण नव्या तऱ्हेची. दागिने नायत, आयुधं नायत, आणि चेहरा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

"डोळे राह्यले की, ताई," हिरामण म्हणाला.

"मुद्दाम नाही दिले, काका. ज्यानं त्यानं आपल्या माणसाचे बघावेत."

झालं! हिरामणच्या काळजात कळ उठली. त्याची लेक पारी सासरी, ह्याच रोह्यात, तापानं गेली होती. तेही ऐन हंगामात. जावयाचा फोन आला तेव्हा त्याच्यापुढं मूर्ती होती, एक डोळा काढलेली. एक उघडला की दुसरा काढल्याशिवाय उठायचं नाय, हा त्यांच्या घरचा नेम. त्यानं दुसरा काढला, मग निघाला. वडखळला गाड्यांची ही रांग! पोचला तर पोरीचे डोळे मिटलेले. "दाराकडंच बघत होती," जावई एवढंच बोलला.

त्या रात्री परतीची एसटी चुकली, म्हणून ताईंनी त्याला पडवीत अंथरूण दिलं. झोप कुठली येतेय! सगळे निजल्यावर तो गणपतीच्या डागडुजीला आणलेला रंग घेऊन अंगणात उतरला.

एक डोळा काढला. पारीचाच. दुसरा काढला...

पापणी हलली.

हिरामण जागचा हलेना. ती बघत होती... त्याच्याकडंच... रागानं नाय रे. लहानपणी बघायची, तशी.

"आलो गो बाय," तो म्हणाला. "लय उशीर केला मी..."

ती बघतच राहिली. त्याला रडू आवरेना. मग पुढं होऊन त्यानं तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. दगड गरम होता...

"नीज आता."

सकाळी ताईंनी हाक मारून उठवलं. "काका, हिला छिन्नी कोणी लावली?"

रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. दगडातच दोन पापण्या कोरलेल्या होत्या. मिटलेल्या.