चंद्राबाईच्या नावाची खाट

हंबीररावांनी ताट बाजूला सारलं. भाकरीचा तुकडाही मोडला नव्हता. दिवसपाळी करून आल्यावर मुकाट जेवणारा हा माणूस आज बायकोकडे, चंद्राबाईकडे, रोखून बघत होता.

"विम्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर भेटला हुता," ते म्हणाले. "मंडळींची पिशवी काढलीया, जड उचलू देऊ नका म्हनला. तू पिशवी काढलीस, आन् मला ठावं न्हाई?"

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या सासूबाईंचे, बनुबाईंचे, हात थांबले. चंद्राबाईनं मान खाली घातली.

सांगलीच्या त्या सूतगिरणीत दोघं सख्खे भाऊ राबत होते. थोरले हंबीरराव कायम कामगार. पगारातून विम्याची वर्गणी कापली जाई आणि नवरा-बायकोला दवाखाना फुकट. धाकटा जोतीराम मात्र ठेकेदाराचा रोजंदार. तोच कापूस, तीच धूळ, छातीतला खोकलाही तोच. पण त्याला विम्याचं कार्ड कधी मिळालं नाही. कायमची एकच जागा निघाली होती, तेव्हा दादा थोरला म्हणून जोतीरामच मागं सरला होता. त्याची बायको शालूबाई पोटातल्या गाठीपायी अंगावरून जाऊन जाऊन पांढरीफटक पडली, सरकारी दवाखान्यातून खाट नाही म्हणून पुन्हा पुन्हा परत आली, तेव्हा चंद्राबाईनं नवऱ्यापुढं पदर पसरला होता. "कार्ड तुझ्यापुरतं हाय. भावाच्या बायकूसाठी नोकरी घालवू का?" म्हणून त्यांनी पाठ फिरवली होती.

मग शालूच्या माहेरी, कवठे महांकाळला जातो असं सांगून दोघी जावा घराबाहेर पडल्या, आणि विम्याच्या दवाखान्यात चंद्राबाईच्या नावानं शालू खाटेवर निजली.

आता खरं सांगावं, तर हा सरळ माणूस दवाखान्यात जाऊन कबूल करणार; मग त्याची नोकरी धोक्यात आणि दिराला गिरणीतून हाकलणार. न सांगावं, तर हा संशयाचा विखार रोज प्यायचा...

"मी काय वंगाळ केलेलं न्हाई," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून हंबीरराव बाहेर ओट्यावर निजू लागले. ती बाजाराला गेली, तर कुठल्या रस्त्यानं गेलीस, कोण भेटलं, विचारत. मूलबाळ नसलेल्या त्या घरात, आता ते कधीच होणार नाही असं धरून बनुबाईही तिच्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या. एका रविवारी हंबीरराव एसटीनं कवठे महांकाळला जाऊन आले. तिथं दोघींपैकी कुणी फिरकलंच नव्हतं. परतल्यावर त्यांनी एसटीचं तिकीट तिच्यापुढं टाकलं आणि ओट्यावर निघून गेले.

आणि नेमकं तेव्हाच तिला कोरड्या उलट्या सुरू झाल्या.

पहिल्यांदा बनुबाईंनी ओळखलं. "पिशवी न्हाई, तर ह्ये दिवस कशाचं गं?"

हंबीरराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मी ओट्यावर निजतुया. कुनाचं हाय ह्ये?"

त्या शब्दांनी चंद्राबाईच्या अंतःकरणाच्या चिंधड्या झाल्या. ती भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा मागच्या खोलीतून शालू पुढं आली. "आक्का, आता न्हाई मी गप बसायची," म्हणत तिनं सासूचा हात धरून आपल्या पोटावरच्या टाक्यांवर ठेवला. "आत्याबाई, पिशवी माझी गेली. आक्काच्या नावावर मी निजले व्हते. दाजी, आक्काचे दिवस तुमी ओट्यावर जायच्या आदीचं हायत."

हंबीरराव उंबऱ्यावरच बसले.

संशय फिटला, पण विम्याच्या दवाखान्याच्या कागदांवर चंद्राबाईला आता गर्भाशयच नव्हतं. बाळंतपणाला तिथं जायचं कसं? "मी डॉक्टरला खरं सांगतो," हंबीरराव म्हणाले. ती म्हणाली, "आन् भावजींचं काय? त्यास्नी कोन ठिवून घील?"

कळा सुरू झाल्या तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. खाट नव्हती. व्हरांड्यात घोंगडीवर शालूच्या मांडीवर डोकं ठेवून ती दिवसभर तळमळत राहिली. मूल आडवं होतं. डॉक्टर दुसऱ्या बाईच्या ऑपरेशनला अडकले होते. ते आले तेव्हा उशीर झाला होता. चंद्राबाई वाचली. मुलगा रडलाच नाही...

"माझ्यापायी गेलं गं आक्का तुझं लेकरू," शालू तिच्या पायांवर कोसळली.

चंद्राबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "तू हायस न्हवं," ती म्हणाली.

हंबीरराव पायाशी उभे होते. "चंद्रा, मला..."

"मला नगा सांगू. भावजी भाईर हायत. सकाळधरनं उपाशी हायत."

जोतीराम रोज बुडवून पायरीवर बसला होता. हंबीरराव त्याच्या शेजारी मातीतच बसले. भावाच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्या खांद्याची हाडं त्यांच्या तळव्याला लागली.

"जोत्या, चल आत. पोराला माती द्यायचीया. मला एकट्याला उचलत न्हाई रं."

जोतीरामनं डोळे पुसले, आणि आधी थोरल्या भावालाच हात देऊन उठवलं.